जुन्या गणकभाषांचे घरगुती संगणकावरील पुनरुज्जीवन

गणकयंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली एकाच वेळी दोन गोष्टींनी बांधलेली असते. ज्या भाषेत ती लिहिली जाते त्या भाषेचे नियम तिला पाळावे लागतात. आणि ज्या यंत्रावर ती चालावयाची, त्या यंत्राची शब्दलांबी, अंकगणित व अक्षरसंकेत यांचेही बंधन तिच्यावर तितकेच असते. मेनफ्रेम या नावाने ओळखली जाणारी १९६० व १९७० च्या दशकांतील मोठी गणकयंत्रे कामातून केव्हाच गेली. परंतु फोर्ट्रान, कोबॉल, अल्गोल, पीएल-वन या त्यांच्या भाषा आजच्या घरगुती संगणकावर, आणि तेही विनामूल्य, पुन्हा चालविता येतात. जुनी आज्ञावली अशा रीतीने चालली, म्हणजे तिचे जुने उत्तरही परत मिळाले असे समजावे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे मुंबईत वापरल्या गेलेल्या यंत्रांच्या संदर्भात केला आहे.

१. मुंबईतील यंत्रे

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे नामकरण केले. त्याच्या स्मृतिसंचात प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या परिमाणात अवघे १० किलोबाइट. १९६४ मध्ये त्याच संस्थेत कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचा सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता, आणि फोर्ट्रान ही त्यावरील शास्त्रीय गणिताची प्रमुख भाषा होती. देशातील अनेक विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची गणिते या एका यंत्रावर होत असत. पुढे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ईसी-१०३० हा सोव्हिएत मालिकेतील संगणक आला. या मालिकेची आज्ञासंहिता आयबीएमच्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेबरहुकूम आखलेली होती. या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

त्या काळी संशोधकाला आपली आज्ञावली पंचकार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपाने गणनकेंद्रात द्यावी लागे आणि छापील उत्तराची वाट पाहावी लागे. एखाद्या कार्डावर स्वल्पविराम चुकला, तर सारा गठ्ठा परत येई. आज चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या विरारच्या पूर्वभागात, मनवेलपाड्यातील एखाद्या घरी ८ गिगाबाइट स्मृतीचा साधा संगणक असेल, तर त्याची स्मृती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या आठ लक्ष पटींहून अधिक भरते. तेव्हा शक्ती किंवा खर्च ही आता अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती जुन्या आज्ञावलीचा अर्थ जसाच्या तसा राखण्याची.

२. पुनरुज्जीवनाचे तीन मार्ग

पहिला मार्ग पुनर्संकलनाचा. जुनी आज्ञावली आजच्या कंपायलरला द्यावयाची. कंपायलर म्हणजे मूळ भाषेचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारी आज्ञावली. फोर्ट्रानसाठी जीएनयू फोर्ट्रान व कोबॉलसाठी जीएनयू कोबॉल हे कंपायलर मुक्तपणे उपलब्ध आहेत. कार्डाच्या पहिल्या पाच रकान्यांत विधानक्रमांक, सहाव्यात पुढे चालू असल्याची खूण आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान, ही जुनी फोर्ट्रान-मांडणी आजचा कंपायलरही वाचू शकतो.

दुसरा मार्ग भाषांतराचा. एफ-टू-सी ही आज्ञावली फोर्ट्रानचे सी भाषेत रूपांतर करते. मार्स्ट ही आज्ञावली अल्गोल ६० साठी तेच कार्य करते. ज्या भाषेचे आधुनिक कंपायलर दुर्मिळ आहेत तिच्यासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त ठरतो.

तिसरा मार्ग यंत्राच्या अनुकरणाचा. एम्युलेटर ही जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचून तिचा नेमका परिणाम नव्या यंत्रावर घडविणारी आज्ञावली होय. तिच्यावर जुना कंपायलर स्वतःच चालतो, आणि जुने भाषांतर, जुने अंकगणित व जुने दोषही त्यासह येतात. पहिल्या दोन मार्गांनी भाषा जिवंत होते. तिसऱ्याने भाषेसह यंत्रही जिवंत होते. या भेदाचे परिणाम किती दूरवर जातात ते पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

३. अंकगणितातील भेद

दशांश ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत सांत रूपात लिहिता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्र तिचे आपल्या सोयीचे निकटमूल्य साठविते. सिस्टिम ३६० मध्ये अपूर्णांकांसाठी षोडशमान पद्धती वापरीत. तिच्या ३२ बिटांच्या शब्दात अपूर्णांकासाठी २४ बिट, म्हणजे सहा षोडशमान अंक असतात. परंतु ०.१ चा पहिला षोडशमान अंक १ येत असल्यामुळे त्या अंकाचे आरंभीचे तीन बिट शून्य राहतात आणि केवळ २१ बिटच सार्थ ठरतात. पूर्णांकन केले असता यंत्रात साठविलेले मूल्य ०.१००००००२३८४ इतके येते. आजचे संगणक १९८५ मध्ये निश्चित झालेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार चालतात. त्यांत तितक्याच ३२ बिटांत ०.१ चे मूल्य ०.१०००००००१४९ असे साठते. म्हणजे एकाच विधानातील एकाच स्थिरांकातील त्रुटी दोन यंत्रांवर सोळा पटींनी भिन्न आहे.

भेद एवढ्यावरच थांबत नाही. सिस्टिम ३६० प्रत्येक क्रियेनंतर उरलेले अंक कापून टाकीत असे. आयईईई पद्धती नजीकच्या मूल्याकडे पूर्णांकन करते. कापण्यामुळे होणाऱ्या त्रुटी एकाच दिशेने साचत जातात. सहस्रावधी पदांची बेरीज करणाऱ्या आज्ञावलीत त्यांचा परिणाम छापील उत्तराच्या तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंतही पोहोचू शकतो.

सीडीसी ३६०० ची स्थिती आणखी निराळी. त्याच्या ४८ बिटांपैकी ३६ बिट अपूर्णांकासाठी होते, म्हणून साध्या फोर्ट्रान-संख्येतही सुमारे १० ते ११ दशांश अंक विश्वसनीय असत. तीच आज्ञावली काहीही न बदलता आजच्या कंपायलरला दिली, तर साध्या संख्येस २४ बिट मिळतात आणि अचूकता सातेक अंकांवर येते. दुहेरी अचूकता मागितली तर ५३ बिट, म्हणजे १५ ते १६ अंक मिळतात. कुलाब्यात मिळालेले उत्तर या दोहोंच्या मधले असते. आजचे एकही प्रमाणरूप त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.

४. भाषेच्या नियमांतील सूक्ष्म बदल

फोर्ट्रानचे नावही कालौघात तेच राहिले. नियम मात्र बदलत गेले. १९६० च्या दशकातील बहुतेक कंपायलरांत डू-आवर्तन निदान एकदा तरी घडत असे, कारण अट शेवटी तपासली जाई. फोर्ट्रान ७७ पासून ती आरंभी तपासली जाते; त्यामुळे मर्यादा शून्य असेल तर आवर्तन मुळीच घडत नाही. एफ-टू-सीमध्ये जुनी रीत राखण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

कार्डावरील रिकाम्या जागेची गोष्ट अधिक फसवी आहे. पाच रकान्यांच्या क्षेत्रात डावीकडे १२ असे छेदून उरलेले तीन रकाने कोरे ठेवले, तर जुन्या फोर्ट्रानमध्ये कोऱ्या जागा शून्य मानल्या जात आणि १२००० ही संख्या वाचली जाई. आजचा कंपायलर त्या जागा सोडून देतो व १२ हीच संख्या वाचतो. आज्ञावली कोठेही अडत नाही, दोषाची सूचना येत नाही. उत्तर तेवढे चुकते. कोऱ्या जागा शून्य मानाव्यात अशी सूचना आजच्या फोर्ट्रानमध्ये स्पष्टपणे देता येते, पण ती द्यावयाची हे अभ्यासकास ठाऊक असले पाहिजे.

तिसरी बाब शब्दांत साठविलेल्या अक्षरांची. जुन्या फोर्ट्रानमध्ये अक्षरांसाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. ती संख्येच्या शब्दात भरली जात. सीडीसी ३६०० चे एक अक्षर ६ बिटांचे असल्यामुळे एका शब्दात ८ अक्षरे मावत. आजच्या ३२ बिटांच्या शब्दात ४ मावतात. आठ अक्षरे वाचण्याची आज्ञा अशा शब्दाला दिली, तर भाषेच्या नियमानुसार उजवीकडची चारच उरतात आणि नावाचा आरंभीचा भाग नाहीसा होतो.

५. कोबॉल: व्यवहाराची भाषा

कोबॉलची गोष्ट काही अंशी सुकर आहे. हिशेबाच्या या भाषेत संख्या किती दशांश स्थळांची आहे हे आज्ञावलीतच सांगावे लागते आणि गणित दशमान पद्धतीने होते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली, तेव्हापासून रुपये-पैशांचे हिशेब या पद्धतीत नेमके बसतात. दहा पैसे म्हणजे ०.१० रुपया, ही रक्कम कोबॉलमध्ये यत्किंचितही त्रुटी न येता साठते, आणि आजच्या जीएनयू कोबॉलमध्येही तशीच साठते. वेतनपत्रकाची जुनी आज्ञावली पैशापैशाने जुळेल, असे येथे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

तथापि अनुक्रम लावताना सावध राहावे लागते. आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात रोमन ए या अक्षराचा क्रमांक १९३ व शून्य या अंकाचा २४० आहे. म्हणजे अक्षरे अंकांच्या आधी येतात. आजच्या आस्की संकेतात शून्याचा क्रमांक ४८ व ए चा ६५ असल्याने अंक आधी येतात. ज्या नोंदींच्या क्रमांकांत अक्षरे व अंक मिसळलेले आहेत, त्यांची यादी दोन यंत्रांवर दोन वेगळ्या क्रमांनी लागेल; आणि अनुक्रमावर अवलंबून असणारी पुढील सर्व जुळवाजुळव बिघडेल.

६. यंत्राचे अनुकरण

हे सर्व भेद एकेक करून दूर करण्यापेक्षा यंत्रच पुन्हा उभारणे अनेकदा सोपे पडते. रॉजर बोलर यांनी आरंभ केलेला आणि १९९९ मध्ये प्रकाशात आलेला हर्क्युलीस हा एम्युलेटर सिस्टिम ३७० व तिच्या पुढील यंत्रांचे अनुकरण करतो. त्यावर १९७० च्या दशकातील एमव्हीएस ३.८ ही संचालनप्रणाली चालविता येते आणि तिच्यासोबत फोर्ट्रान, कोबॉल, पीएल-वन व अल्गोल यांचे त्या काळचे मूळ कंपायलर मिळतात. आयबीएमच्या नंतरच्या संचालनप्रणाली मात्र परवान्याखेरीज वापरता येत नाहीत.

घरगुती संगणकावर या व्यवस्थेचे स्वरूप असे असते: कार्डांच्या गठ्ठ्याच्या जागी एक साधी मजकूर-फाइल येते, चुंबकीय तबकडीच्या जागी दुसरी फाइल, आणि छपाईयंत्राचे कागद तिसऱ्या फाइलमध्ये उतरतात. गठ्ठ्याच्या आरंभी काम कोणाचे, कोणता कंपायलर वापरावयाचा व आधारसामग्री कोठे आहे हे सांगणारी कार्यनियंत्रण-विधाने पूर्वीप्रमाणेच लिहावी लागतात. गणित षोडशमान पद्धतीनेच होते, अंक कापलेच जातात, कोरी जागा शून्यच ठरते. ईसी-१०३० ची आज्ञासंहिता सिस्टिम ३६० शी जुळणारी असल्यामुळे पवईतील त्या यंत्रासाठी लिहिलेल्या फोर्ट्रान-आज्ञावलींची परीक्षा करण्यास हेच सर्वांत निकटचे साधन होय.

आयबीएम १४०१, १६२०, ७०९४ आदी अन्य यंत्रांसाठी सिमएच हा अनुकरणसंच आहे. परंतु प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र अनुकरण लिहावे लागते, आणि ते लिहिण्यास त्या यंत्राच्या आज्ञांचे संपूर्ण वर्णन हाती असावे लागते. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतील आज्ञावली त्या एकाच यंत्राशी जखडलेली होती. तिला कोणताही आधुनिक कंपायलर वाचू शकणार नाही. यंत्राच्या वर्णनावाचून अशी आज्ञावली म्हणजे केवळ अंकांची रांग होय.

७. अभ्यासकासाठी कार्यपद्धती

कोणत्याही जुन्या गणिताची फेरतपासणी करताना तीन गोष्टी हाती असाव्यात: आज्ञावलीचा मूळ मजकूर, मूळ आधारसामग्री आणि मूळ छापील उत्तर. तपासणी दोन टप्प्यांत करावी. प्रथम एम्युलेटरवर, अथवा तो नसल्यास जुने नियम जाणीवपूर्वक राखलेल्या पुनर्संकलनाने, मूळ उत्तर शेवटच्या अंकापर्यंत मिळविण्याचा प्रयत्न करावा. ते मिळाले म्हणजे मजकूर व सामग्री अखंड आहेत याची खात्री पटते. त्यानंतर तीच आज्ञावली आजच्या दुहेरी अचूकतेने चालवावी. दोन उत्तरांतील अंतर जुन्या यंत्राच्या अंकगणितामुळे पडलेल्या त्रुटीचे माप देते. केवळ दुसरा टप्पा केला आणि उत्तर जुळले नाही, तर दोष यंत्राचा, भाषेचा, कार्डाचा की मूळ संशोधकाचा, हे ठरविण्यास काहीच आधार उरत नाही.

या तपासणीचे मोल निव्वळ कुतूहलापुरते नाही. त्या दोन दशकांतील अनेक प्रबंधांतील कोष्टके अशाच आज्ञावलींनी सिद्ध झाली, आणि त्यांवर पुढील संशोधन उभे राहिले. कोष्टकातील कितवा अंक विश्वसनीय, हे आज सांगता येते; मात्र त्यासाठी मूळ साहित्य उपलब्ध असले पाहिजे. १९६४ मध्ये बाविशीत सीडीसी ३६०० वापरणारे संशोधक आज ऐंशी वर्षांपलीकडे आहेत. त्यांच्या कपाटातील छापील कागद व कार्डांचे गठ्ठे रद्दीत गेले, तर वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही उरणार नाही. कंपायलर व एम्युलेटर कोणाही विद्यार्थ्यास घरी बसून मिळू शकतात; कागद मात्र ज्याच्या त्याच्या घरीच आहेत. म्हणून विभागांनी आपल्या निवृत्त अध्यापकांकडील असे कागद मागवून त्यांच्या प्रतिमा घ्याव्यात, आणि प्रत्येकावर यंत्राचे नाव, कंपायलर व वर्ष यांची नोंद करावी. यंत्राचे नाव नोंदलेले नसेल, तर भाषा वाचता येऊनही उत्तराचा अर्थ लावता येणार नाही.