पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

मंडळी, आज आपण घरातल्या विजेच्या सामानाबद्दल बोलू. पण सामानापेक्षा ते बसवून देणाऱ्या माणसाबद्दल जास्त बोलू. कारण सामान चांगले असले आणि बसवणारा कच्चा असला, तर पैसा जातो आणि कधी कधी जीवही जातो.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आमच्या न्हाणीघरात वर्षानुवर्षे तांब्याचा बंब होता. लाकडे फोडा, पेटवा, धूर सोसा. पोरे म्हणाली, आता गिझर घ्या. गिझर म्हणजे विजेवर पाणी तापवणारी टाकी. आम्ही तालुक्याच्या गावी जाऊन पंधरा लिटरचा गिझर आणला. दुकानदार म्हणाला, "बसवायला आमचा माणूस येईल." दोन दिवसांनी माणूस आला. मोटारसायकलवरून उतरला, भिंतीला दोन भोके पाडली, टाकी टांगली, तार जोडली. अर्ध्या तासात काम संपले.

आम्ही विचारले, "भाऊ, ही हिरवी तार सुटी का राहिली?"

तो म्हणाला, "काका, ती नसली तरी चालतं. सगळीकडं असंच करतो. काही होत नाही."

पाचशे रुपये घेऊन तो गेला. पावती नाही की काही नाही. चार दिवसांनी गिझरखालून थेंब थेंब पाणी गळू लागले. आम्ही तीन फोन केले, तेव्हा तो पुन्हा आला. जिथून थेंब पडत होते तिथे त्याने बूच मारले. "घ्या, गळायचं बंद!" असे म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई न्हाणीघरातून ओरडतच बाहेर आल्या. नळाला हात लावताच हाताला झिणझिण्या आल्या होत्या. त्या कोरड्या लाकडी पाटावर उभ्या होत्या, म्हणून तेवढ्यावर निभावले. ओल्या फरशीवर अनवाणी असत्या तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

आमच्या आळीत एक जुने वायरमन राहतात. आता नोकरी संपवून घरी असतात. त्यांना बोलावले. त्यांनी आल्याबरोबर मेन स्विच बंद केला. मग गिझरचे झाकण उघडून एकेक चूक आम्हांला दाखवली. ती आम्ही इथे सांगतो. आमची ठेच तुमच्या कामी यावी.

पहिली चूक : हिरवी तार

वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. मग तिसरी हिरवी तार कशाला? तीच जीव वाचवणारी तार.

शेतातला पाट आठवा. पाटाने पाणी सरळ चालले आहे तोवर ठीक. पण कुठे उंदराने बीळ केले, तर पाणी तिथून फुटते आणि भलतीकडे जाते. विजेचेही तसेच आहे. तारेचे वेष्टन कुठे सोलले गेले, तर वीज गिझरच्या लोखंडी अंगात उतरते. तिथून पाण्यात आणि नळात येते. मग तिला जमिनीत जायचे असते. ती वाट शोधत असते. तेवढ्यात आपण नळाला हात लावतो. वीज आपल्या अंगातून जमिनीत जाते. यालाच शॉक बसणे म्हणतात.

हिरवी तार गिझरच्या अंगापासून थेट जमिनीत गेलेली असते. तिला अर्थिंगची तार म्हणतात. घराबाहेर खोल खड्डा करून त्यात लोखंडी नळी पुरतात. नळीवर जस्ताचा मुलामा असतो. नळीभोवती कोळसा आणि मीठ घालतात. ती तार या नळीला जोडलेली असते. मग फुटलेल्या विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळते. ती तारेने जमिनीत जाते आणि माणूस वाचतो.

आमच्या फिटरने ही तार दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून मागे कोंबून ठेवली होती. शिवाय दुसऱ्या तारेचे वेष्टन गरजेपेक्षा जास्त सोलले होते. तिचा एक उघडा धागा टाकीच्या पत्र्याला टेकला होता. म्हणजे वीज फोडली त्यानेच, आणि तिची वाट बंद केली तीही त्यानेच.

आणखी एक गोष्ट. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची पिन. ती लांब ठेवली आहे, कारण प्लग आत घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. ही पिन कापून प्लग दोन भोकांत बसवणारे लोक आहेत. तसे कोणी करू लागला तर त्याचा हात धरा. मात्र बोर्डाला तीन भोके आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. तिसऱ्या भोकामागे तार आहे का, आणि ती जमिनीपर्यंत गेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळ घरांत भोक असते, पण मागे तार नसते.

दुसरी चूक : लहान बोर्ड, बारीक तार

आमचा गिझर 2000 वॉटचा आहे. तो चालू असताना जवळजवळ 9 अँपियर वीज ओढतो. दिव्याचा किंवा मोबाइलचा छोटा बोर्ड 6 अँपियरचा असतो. बैलाच्या पाठीवर हत्तीचे ओझे दिले तर बैल बसेल. तसा छोटा बोर्ड तापतो, वितळतो, कधी पेटतोही. गिझरला 16 अँपियरचा मोठा बोर्ड लागतो आणि जाड तार लागते. ती तारही मुख्य पेटीपासून वेगळी आणावी लागते. आमच्या फिटरने दिव्याच्या बोर्डावरूनच बारीक तार ओढली होती.

बटणाचेही तसेच आहे. बटण नेहमी येणाऱ्या तारेवर हवे. ते परत जाणाऱ्या तारेवर लावले, तर बटण बंद केले तरी आत वीज राहते. आपल्याला वाटते, बंद आहे. आणि हात लावला की शॉक बसतो.

तिसरी चूक : गळणाऱ्या नळीला बूच

पाणी तापले की फुगते. बंद टाकीत फुगलेले पाणी जाणार कुठे? म्हणून गिझरला एक छोटी झडप असते. आत दाब वाढला की ती थोडे पाणी बाहेर सोडते. पाणी तापत असताना तिथून थोडे थेंब पडणे हा दोष नाही. ते त्या झडपेचे कामच आहे. थेंब मोरीत पडावेत म्हणून तिला एक लहान नळी जोडावी. ती नळी कधीही बंद करू नये. आमच्या फिटरने तिलाच बूच मारले. टाकी फुटली असती तर कोणाचे डोके वाचले असते?

आणि हो, पहिल्यांदा चालू करताना आधी टाकी पाण्याने भरू द्यावी. गरम पाण्याच्या नळातून भरधार आली, मगच बटण दाबावे. कोरडी टाकी चालू केली तर आतले तापवायचे यंत्र जळते.

चौथी चूक : भिंत न पाहता टांगणे

पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो. त्यात टाकीचे वजन वेगळे. एवढे ओझे भिंतीवर टांगायचे तर भिंत पक्की हवी. आमच्या न्हाणीघराची ती भिंत मातीची, वरून सिमेंटचा गिलावा. मातीत खिळा धरत नाही. फिटरने भिंत ठोकूनही पाहिली नव्हती. पुढे आम्ही गवंड्याकडून पक्क्या विटांचा खांब बांधून घेतला आणि त्यावर टाकी बसवली.

असे का होते?

राग आला, तरी विचार करावा लागतो. तो पोरगा काही दुष्ट नव्हता. दिवसाला सात-आठ घरे करायची, तेव्हा कुठे त्याची मजुरी निघते. कोणाच्या तरी हाताखाली चार महिने राहिला आणि फिटर झाला. खरे शिक्षण त्याला कोणी दिलेच नाही. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यास दोन वर्षांचा असतो. तो दोन वर्षांत शिकायचे काम चार महिन्यांत करू पाहत होता.

पण चूक आमचीही होती. आम्ही हिरव्या तारेबद्दल विचारले, आणि त्याने "काही होत नाही" म्हटल्यावर गप्प बसलो. आम्हांला वाटले, त्याला जास्त कळते. पावती मागायलाही संकोच वाटला. बैल घेताना आपण दात मोजतो. बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहतो. मग विजेच्या कामात डोळे मिटून पैसे का द्यायचे?

काम देताना काय करावे?

घरात नवी तार ओढणे आणि अर्थिंग करणे ही कामे परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावीत, असा नियम आहे. त्याच्याकडे परवाना मागा. मागण्यात लाज नाही. तुम्हांला आता वाचता येते. परवान्यावरचे नाव वाचा, मुदत वाचा.

काम सुरू होण्याआधी दर ठरवा. काय काय करणार ते कागदावर लिहून घ्या. काम चालू असताना जवळ थांबा. चहा पाजा, पण नजर कामावर ठेवा. काम झाल्यावर सामान चालवून दाखवायला सांगा. त्यानंतरच सगळे पैसे द्या. पावतीवर तारीख, काम, रक्कम, त्याचे नाव आणि सही घ्या. सामानाबरोबर आलेले हमीपत्र दुकानदाराच्या शिक्क्यासह जपून ठेवा.

मुख्य पेटीत आरसीसीबी नावाचे बटण बसवून घ्या. ते जाणारी वीज आणि परत येणारी वीज सारखी आहे का, हे सतत पाहते. पाट कुठे फुटला की त्याला फरक कळतो आणि ते क्षणात वीज तोडते. घरासाठी 30 मिलिअँपियरचे घ्यावे. त्यावर तपासणीचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. वीज गेली म्हणजे ते शाबूत आहे. नाही गेली, तर वायरमनला बोलवावे. हे बसवले म्हणून अर्थिंग नको, असे मात्र नाही. दोन्ही हवीत.

काम बिघडले तर?

आधी दुकानदाराला सांगा. तोंडी सांगा आणि लेखीही द्या. लेखी कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. त्याने ऐकले नाही, तर कायदा आपल्या बाजूला आहे.

आपल्या पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. गिऱ्हाइकालाही हक्क असतात, हे त्यांनी लोकांना सांगितले. पुढे 1986 साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. खराब मालाबद्दल जशी तक्रार करता येते, तशी पैसे घेऊन केलेल्या खराब कामाबद्दलही करता येते. 1915 या क्रमांकावर फोन करून आधी सल्ला घेता येतो. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. माल किंवा काम पाच लाख रुपयांपर्यंतचे असेल तर तिथे फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. पण त्यासाठी पावती हवी. पावती नसेल तर आपले म्हणणे पटवून देणे अवघड जाते.

आम्ही काय केले? आमच्याकडे पावती फक्त गिझरची होती, बसवणावळीची नव्हती. तरी आम्ही दुकानदाराला लेखी कळवले. जुन्या वायरमननी पाहिलेल्या चुका एकेक करून लिहिल्या. कागद पाहिल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. त्याने परवान्याचा माणूस पाठवला आणि काम नव्याने करून दिले. तोंडी तीन फोनांनी जे झाले नाही, ते एका कागदाने झाले.

ध्यानात ठेवा

हिरवी तार जोडल्याशिवाय गिझर, फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर चालू करू नका.

अंघोळीच्या आधी गिझर बंद करा, मगच पाणी घ्या.

हाताला झिणझिण्या आल्या तर "जरासा करंट आहे" म्हणून सोडून देऊ नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमले नाही, तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. लगेच 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

विजेचे झाकण स्वतः उघडू नका. आपले काम पाहण्याचे आणि विचारण्याचे. उघडण्याचे काम जाणकाराचे.

आता हा धडा मिटण्याआधी एक करा. घरातल्या एखाद्या सामानाची पावती किंवा हमीपत्र काढा आणि मोठ्याने वाचा. मुदत कधीपर्यंत आहे ते घरच्यांना सांगा. मग न्हाणीघरात जा आणि गिझरच्या तारा मोजा. बोर्डावर दोनच जोडलेल्या दिसल्या, तर आजच मेन स्विच बंद करून वायरमनला निरोप पाठवा.