पोराने दुकानातून वस्तू उचलली तर?

पिंपळवंडीच्या एका बाजूला आळेफाटा, दुसऱ्या बाजूला नारायणगाव. गावातली पोरे आता बाजाराला एकटी जातात. पूर्वी किराणा दुकानदार गल्ल्यावर बसायचा आणि मागाल ती वस्तू स्वतः काढून द्यायचा. आता नव्या दुकानांत माल फळ्यांवर उघडा मांडलेला असतो. गिऱ्हाइकाने हाताने घ्यायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. अशा दुकानात एखाद्या पोराने चॉकलेट, पेन, इअरफोन खिशात घातला आणि तो सापडला, तर घरात काय होते? बाप पट्टा काढतो, आई पदराआड घेते. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

बाप मारतो तो पोराच्या चुकीसाठी नव्हे, गावाच्या जिभेला भिऊन मारतो. बड्या घरच्या पोराने वस्तू उचलली तर तो 'खोडकर' ठरतो. आपल्या पोराने उचलली तर 'त्यांची जातच तशी' असे म्हटले जाते आणि एकाच्या चुकीपायी अख्खी वस्ती चोर ठरते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण पारधी बांधवांच्या माथ्यावरून तो अजून गेलेला नाही. आपणच आपल्या पोराला चारचौघांत 'चोर' म्हणू लागलो, तर इंग्रजांत आणि आपल्यात फरक तो काय?

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची एक गोष्ट स्वतःच सांगून ठेवली आहे. साताऱ्यात असताना, वडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे दुखावलेल्या भिवाने मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे ठरवले. भाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेला खोचलेली पैशाची पिशवी काढायचा त्याने सलग तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. आत निघाला फक्त अर्धा आणा! त्या चार रात्रींच्या घालमेलीने त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने तो नाद सोडला आणि झटून अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले. पुढे घटनेचा शिल्पकार झालेल्या माणसाने ही गोष्ट लपवली नाही. आपण मात्र आपल्या घरातली लपवतो!

या गोष्टीतून आम्ही एकच बोध घेतो. चोरीमागे कारण असते, आधी ते शोधा. भिवाच्या मनात घरातले दुःख होते. आजच्या पोराच्या मनात काय आहे? वर्गातल्या इतरांकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हा सल? मित्रांनी घातलेली पैज? आईबाप दिवसभर मजुरीवर असल्याने आलेले एकटेपण? चोरी केल्यावाचून राहवतच नाही असा एक मानसिक आजारही असतो. तो क्वचित आढळतो, पण पुन्हा पुन्हा, गरज नसताना असे घडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगारे-धुपारे नकोत.

मग करायचे काय? रात्री जेवणे झाल्यावर पोराला एकट्याला जवळ बसवा. आधी त्याचे ऐका. दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन दुकानात जा. वस्तू त्याच्याच हाताने परत द्या. ती वापरली असेल तर पैसे भरा आणि ते त्याच्या खाऊच्या पैशांतून थोडे थोडे वळते करा. माफी त्याने मागावी, आपण शेजारी उभे राहावे. तेवढ्यावर विषय संपवा. पुढच्या भांडणात तो उकरून काढू नका.

दुकानदार पोराला बांधून मारू लागला तर मात्र गप्प बसू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचे नाव, छायाचित्र प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. भरपाई घेण्याचा दुकानदाराला हक्क आहे, हात उगारण्याचा नाही.

पंचशीलातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. विहारात पोर ते मोठ्याने म्हणते. पण घरी येऊन त्याने काय पाहावे? बापाने विजेच्या तारेवर टाकलेला आकडा? दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे आईने मुकाट्याने ठेवून घेतलेले? मग ते शील पोराच्या ओठांवरच राहणार.

दीघनिकायातल्या चक्कवत्ती सीहनाद सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की, राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली आणि चोरांची डोकी उडवल्याने हिंसा तेवढी वाढली. म्हणजे दंडाने चोरी थांबत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. राज्याला जे लागू, ते घरालाही लागू.

बांधवांनो, पोराचा हात चुकला तर तो तोडू नका. तो हातात धरा आणि त्याला दुकानापर्यंत घेऊन जा. उद्या त्याच हातात पुस्तक द्यायचे आहे.

जयभीम!