जिम्मा सांध्यांचा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने आयुष्याच्या शिलकीतून जमिनीचा तुकडा घ्यावा, मोजणी करून हद्द कायम करून घ्यावी, बिनशेतीचे आणि बांधकाम परवानगीचे कागद हाती पडताच आपल्या मनासारखे घर बांधावयास काढावे, हा क्रम आता नित्याचा झाला आहे. नकाशा वास्तुविशारद काढून देतो आणि लोखंडाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर मांडतो. परंतु प्रत्यक्ष जागेवर येतात ते जेसीबीवाला, गवंडी, सेंट्रिंगवाला, लोखंड बांधणारा फिटर, प्लंबर, वायरमन, सुतार, लादीवाला आणि रंगारी. यांतील प्रत्येकाचा ठेका निराळा, दर निराळा, मुकादम निराळा, आणि प्रत्येकाच्या हाती त्याच सुमारास आणखी दोन-तीन कामे असतात. यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगी कसब असते असे मी निःशंकपणे म्हणेन. घर बिघडते ते एकाचे काम जेथे संपते आणि दुसऱ्याचे जेथे सुरू होते त्या सांध्यावर.

स्लॅबचेच पाहा. फिटरने लोखंड बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी जो थोडा अवकाश मिळतो, त्यातच वायरमनने पाइप आणि पंख्याचे डबे बसवावयाचे असतात, प्लंबरने आपल्या नळ्यांच्या वाटा राखावयाच्या असतात. त्यांना वेळेवर निरोप गेला नाही, तर ओतून झालेला स्लॅब पुढे छिन्नीने फोडावा लागतो. त्यानंतरचा प्रश्न पाणी मारण्याचा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे निदान १० दिवस ओले राखावयास हवे. पण गवंडी ते राखणदाराचे काम समजतो, राखणदार गवंड्याचे, आणि एप्रिलच्या उन्हात स्लॅब कोरडा पडतो. सेंट्रिंगवाल्याला आपल्या प्लेटा दुसऱ्या जागेवर न्यावयाची घाई असते, तर तेच मानक सांगते की ४.५ मीटरपेक्षा अधिक गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू साधारणतः १४ दिवस आणि ६ मीटरपेक्षा लांब तुळईखालील टेकू २१ दिवस हलवू नयेत. ही तारीख इंजिनिअरने लिहून द्यावी आणि तिच्या आधी एकही टेकू निघू नये.

सर्वांत नाजूक सांधा स्नानगृहाचा. तेथे खोलगट स्लॅब गवंड्याचा, सांडपाण्याच्या नळ्या प्लंबरच्या, गळतीरोधक थर तिसऱ्याचा आणि उतार देऊन लादी बसविण्याचे काम चौथ्याचे. नहाणीची जाळी दोन इंच सरकविण्यासाठी कोणी तो थर फोडला, तर त्याचा पुरावा पहिल्या आषाढात खालच्या छतावर उमटतो आणि मग चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. म्हणून थर पूर्ण झाल्यावर तेथे दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावे, खालून पाहावे, प्लंबर आणि लादीवाला या दोघांच्या समक्ष वहीत नोंद करून सह्या घ्याव्यात, आणि मगच लादीला हात लागू द्यावा.

या सर्वांवर येथे पावसाची मुदत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात पर्जन्यमान इतके मोठे, की जोते, भिंती आणि वरचा स्लॅब मृगापूर्वी उरकला नाही तर पुढचे चार महिने काम अडते. वीटभट्ट्या पावसापूर्वीच विझतात, शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर खडीचा ट्रक रुततो, आणि आसपासच्या पाड्यांतील बिगारी भाताच्या लावणीला व पुढे कापणीला आपापल्या शेतावर परततात. उत्तरेकडील कारागीर होळीला आणि छठपूजेला गावी जातात. त्यांच्या या जाण्याबद्दल त्रागा करणारा मालक मला अन्यायी वाटतो. या तारखा वर्षारंभीच ठाऊक असतात, तेव्हा वेळापत्रक त्या धरूनच आखावे, दसऱ्याला पायाची खोदाई सुरू होईल अशी तजवीज करावी, आणि आतला गिलावा, वायरिंग ही कामे पावसाळ्यासाठी राखावीत. बाहेरचा रंग मात्र पाऊस सरून भिंती सुकल्यावरच.

मग हे सूत्र हाती धरावयाचे कोणी? याच परिसरात त्याचा एक मोठा पूर्वदाखला आहे. कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या ठेकेदाराने १८५९ मध्ये ते सोडले, त्याच वर्षी ठेका सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आला, आणि भारतात उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत ते निवर्तले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका आपल्या हाती ठेवून ॲडॅमसन आणि क्लाउझर या इंजिनिअरांकडे व्यवस्था सोपविली, आणि ऐन भरात ४०,००० हून अधिक मजूर असलेले ते काम पुरे होऊन १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. काम कोणाच्या शब्दाने चालावयाचे हे त्यांनी ठरवून दिले होते. तथापि त्याच घाटातील एक दगडी पूल १८६७ साली ढासळला. झाकलेल्या बांधकामाची तपासणी का हवी, हे त्यावरून कळावे.

घरमालकानेही तसाच एक माणूस नेमावा. तो अनुभवी पर्यवेक्षक असावा, त्याचे वेतन मालकाने स्वतः द्यावे, मुख्य ठेकेदाराकडून ते जाऊ नये, कारण ज्याच्या हातून पगार मिळतो त्याच्या कामात खोट काढणे कोणासही जड जाते. कारागिरांना सूचना त्याच्याच मुखातून जाव्यात; मालकाने एक, मालकिणीने दुसरी आणि शनिवारी आलेल्या मेहुण्याने तिसरी सूचना दिली, की गवंडी तिन्ही बाजूला ठेवून आपल्या सोयीचे करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. करारनाम्यात ठेका मजुरीचा की मालासकट, भिंतीतील झिऱ्या कोणी फोडावयाच्या आणि कोणी बुजवावयाच्या, पाणी कोणी मारावयाचे, हा तपशील असावा. पैसे मोजमापाबरहुकूम, टप्प्याटप्प्याने द्यावेत.

आणि शेवटच्या देयकातून शेकडा ५ रक्कम अनामत म्हणून एक पावसाळा उलटेपर्यंत राखण्याची अट बयाणा देण्यापूर्वीच लिहून घ्यावी, कारण मागाहून घातलेली अट कारागिराला फसवणूक वाटते, आणि तसे वाटणे गैरही नाही. पाऊस सरताच सर्वांना एकाच दिवशी जागेवर बोलवावे, गच्ची, खिडक्यांच्या चौकटी आणि नहाण्या एकत्र पाहाव्यात, दुरुस्ती करवून घ्यावी आणि ती झाली, की अनामत त्याच दिवशी चुकती करावी.