घरगुती ध्वनिमुद्रणाच्या मास्टरिंगमधील समकरण

समकरण म्हणजे ध्वनिमुद्रणातील निरनिराळ्या वारंवारतांची पातळी गरजेप्रमाणे कमी-अधिक करण्याची प्रक्रिया होय. ती करणाऱ्या उपकरणास किंवा संगणकप्रणालीस इक्वलायझर म्हणतात. मास्टरिंग ही ध्वनिमुद्रणाची अखेरची पायरी असते. तोवर गायन व वाद्ये यांचे मिश्रण पूर्ण झालेले असते, आणि संस्कार होतात ते त्या तयार मिश्रणावर. त्यामुळे या टप्प्यावरील प्रत्येक बदल गायक, पेटी, पखवाज व टाळ या सर्वांना एकदमच लागू होतो. घरी मुद्रित केलेल्या संगीताचे बहुतेक बिघाड ही मर्यादा विसरल्याने होतात.

इतिहास

ही संज्ञा दूरध्वनीच्या क्षेत्रातून आली. लांब तारांमधून जाताना उंच वारंवारता क्षीण होत. त्यांची भरपाई करून दोन्ही टोकांचा आवाज समान करणे, हा तिचा मूळ अर्थ. तबकड्यांच्या काळात खर्जाचा भाग कमी करून मुद्रित केला जाई व वाजवताना पुन्हा वाढवला जाई. त्यासाठी १९५४ मध्ये अमेरिकेत एक सामाईक प्रमाण ठरले. त्याआधी हे प्रमाण कंपनीगणिक वेगळे असे, म्हणून नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांचे संगणकीकरण करताना योग्य प्रमाण शोधावे लागते. वारंवारता, पातळी आणि पट्ट्याची रुंदी या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या पॅरामेट्रिक इक्वलायझरवरील जॉर्ज मॅसेनबर्ग यांचा निबंध १९७२ मधील आहे. आजच्या संगणकप्रणालींतील इक्वलायझर बहुतांशी याच प्रकारचे असतात.

भजनाचे उदाहरण

गंगापूर, वैजापूर, पैठण या गोदाकाठच्या तालुक्यांत हरिनाम सप्ताह आणि भजनी मंडळे यांची परंपरा आहे. अशा मंडळाचे भजन घरी मुद्रित केले, तर समकरणापुढील बहुतेक सर्व प्रश्न त्यात एकत्र भेटतात.

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ हर्ट्झवर येतो. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा त्याहून खाली असतो. टाळांची झळाळी काही हजार हर्ट्झच्या वर पसरते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांची धारही नेमकी त्याच प्रदेशात असते. टाळ कानाला टोचतात म्हणून तो पट्टा पाच-सहा डेसिबलने उतरवला, तर टाळ मऊ होतात खरे, पण अभंगाचे शब्दही बोथट होतात. शब्द न कळणारे भजन हे निम्मेच भजन होय. अशा वेळी मास्टरिंग थांबवून मिश्रणाकडे परतावे व तेथे टाळांची पातळी उतरवावी, आणि सर्व आवाज एकाच मायक्रोफोनवर घेतले असल्यास टाळकऱ्यास चार पावले मागे बसवून पुन्हा मुद्रण करावे, हा मार्ग अधिक चांगला. मास्टरिंगमध्ये एक-दोन डेसिबलचा, रुंद पट्ट्याचा बदल सहसा पुरेसा असतो. तीन-चार डेसिबलहून अधिक गरज भासली, तर दोष आधीच्या पायरीत आहे असे समजावे.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सदोष जोडणीतून येणारी गुणगुण ५०, १०० व १५० हर्ट्झवर आढळते. ती अतिशय अरुंद पट्ट्याने कापतात. मात्र १५० हर्ट्झ ही वारंवारता पांढरी दोनच्या स्वराला (सुमारे १४७ हर्ट्झ) अगदी लागून आहे. तेथे कात्री चालवताना गायकाचा षड्जच पातळ होण्याचा संभव असतो.

खोली आणि ऐकण्याची साधने

समांतर भिंतींमध्ये ठरावीक वारंवारता फुगतात. दहा फूट रुंदीच्या खोलीत ही वारंवारता सुमारे ५६ हर्ट्झ व तिच्या पटींत असते, आणि खोली चौरस असल्यास हा दोष बळावतो. असा फुगवटा समकरणाने काहीसा दबतो. उघड्या भिंतींचा किंवा पत्र्याच्या छताचा घुमणारा नाद मात्र दबत नाही, कारण नाद रेंगाळणे हा काळाचा दोष आहे आणि समकरण केवळ वारंवारतेवर चालते. त्यावर मुद्रणापूर्वी टांगलेल्या गोधड्या अधिक उपयोगी पडतात.

फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तर तो जवळजवळ निघतच नाही. त्यावर ऐकून पखवाज वाढवला, की तेच मुद्रण सभामंडपातील कर्ण्यांवर नुसते घुमते. याखेरीज किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. म्हणून समकरणापूर्वीचे व नंतरचे मुद्रण समान पातळीवर आणून, दोन-तीन वेगवेगळ्या साधनांवर ताडून पाहतात.

काय गाळावे

सुमारे ३० हर्ट्झखालील भाग गाळणे सहसा निर्धोक असते, पण गोंगाट कशास म्हणावे हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी काही हजार बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रित झाल्या असून, ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ त्या २०१७ पासून प्रसिद्ध करीत आहे. दळताना गायलेल्या ओवीत जात्याची घरघर आवाजाखाली सतत चालू असते. खालचा पट्टा कापला तर गळा स्वच्छ उठून येतो, मात्र ओवीची लय ज्या फेऱ्यावर बांधलेली आहे तो फेरा नाहीसा होतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या ओव्या, आरत्या किंवा भजने मुद्रित करतानाही हाच पेच येतो. समकरण करून जतन केलेल्या फाइलीतून कापलेला भाग पूर्ववत मिळवता येईल याची खात्री नसते. त्यामुळे मूळ, असंस्कारित फाइल वेगळी जपून ठेवतात व समकरण तिच्या प्रतीवरच करतात.