गुलमर्गच्या बर्फात आमची छोटी

लहान मुलाला बर्फावर स्की घालून उभे करायचे म्हटले की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. सर्दी होणार नाही ना, आणि हाड मोडणार नाही ना? आमच्या घरात तिसरा प्रश्न होता आणि तो या दोन्हींपेक्षा मोठा होता. आमची धाकटी सहा वर्षांची आहे. दोन वर्षांची असल्यापासून तिला बाळदमा आहे. थंड हवा, धूळ, धावाधाव, जोराचे हसणेसुद्धा तिला कधीकधी खोकल्यापर्यंत नेते. त्यामुळे तिच्यासाठी ‘नको’ची यादी लांबत गेली होती. आइस्क्रीम नको, पहाटेचे अंगण नको, शेजारची मांजर नको. शाळेच्या क्रीडादिनी ती टाळ्या वाजवणाऱ्यांत बसायची.

स्कीचे खूळ घरात आणले ते थोरल्याने. 2022 च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू उतरला होता, काश्मीरचा आरिफ खान. उद्घाटनात तिरंगा त्याच्याच हातात होता आणि जायंट स्लालममध्ये तो 45 वा आला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान, आणि चार वर्षांचा असताना तो पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला, हे थोरल्याने कुठेतरी वाचले आणि जेवताना सगळ्यांना सांगितले. छोटीने हिशेब केला, “म्हणजे मी दोन वर्षं लेट आहे.”

आम्ही आधी मिरजेतल्या तिच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते लगेच ‘नाही’ म्हणतील असे वाटले होते, पण त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले. गेल्या सहा महिन्यांत रात्री किती वेळा उठली? रोजचा पंप चुकतो का? दम्यावर नीट ताबा असेल तर मुलाला खेळापासून तोडू नये, असे त्यांचे म्हणणे. मात्र थंड, कोरडी हवा तोंडाने आत गेली की श्वासनलिका आवळतात, म्हणून त्यांनी अटी घातल्या. रोजचे औषध एक दिवसही सुटता कामा नये. उतारावर जाण्याआधी पंधरा मिनिटे आराम देणारा पंप, तोही स्पेसर लावून. नाकातोंडावर लोकरीचा पट्टा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होते. निघण्याआधी आठवडाभरात ताप-सर्दी झाली तर तिकीट रद्द. आणि पंप बॅगेत ठेवायचा नाही, मोठ्या माणसाच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायचा. डबी गारठली की त्यातून औषध नीट येत नाही. हे सगळे आमच्या मुलीपुरते सांगितलेले आहे. आपल्या मुलाचे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दादी मात्र शेवटपर्यंत राजी नव्हत्या. “आजारी पोरीला कुणी बर्फात घसरायला नेतं का?” त्यांचा राग आम्हाला समजत होता. दम्याच्या रात्री छोटीला मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच असतात.

2024 च्या जानेवारीत आणखी एक विघ्न आले. काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ असते, थंडीचा सर्वांत कडक काळ. त्यानंतर वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांची चिल्लई बच्चा. या चाळीस दिवसांतच खरा बर्फ पडायचा. त्या वर्षी तो पडलाच नाही. टीव्हीवर गुलमर्गचे उतार पिवळ्या गवताचे दिसत होते. पर्यटक चुकचुकत होते ते सुटीसाठी. तिथले लोक काळजीत होते ते उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी, कारण हाच बर्फ वितळून ओढ्यांत आणि शेतांत येतो. महिना संपता संपता बर्फ सुरू झाला. आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचलो तेव्हा सगळे पांढरे होते.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. तंगमर्गपर्यंत आपली गाडी; पुढे 13 किलोमीटरचा घाट, तिथे बर्फ असला की चाकांना साखळ्या लागतात. गुलमर्गची उंची 2,650 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटर जास्त. म्हणून पहिला दिवस आम्ही काहीच केले नाही. पाणी पीत राहिलो, खिडकीतून बर्फ पाहिला. थोरल्याचे डोके थोडे दुखले, छोटीचे नाही. गोंडोलाचा दुसरा टप्पा आफरवतच्या अंगाला जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. लहान मुलांना पहिल्याच दिवशी तिकडे नेणारे पालक आम्ही पाहिले. फोटो छान येत असतील, पण आम्हाला ते पटले नाही.

दुसऱ्या दिवशी सामान. खरे सांगायचे तर मुलाचा पहिला दिवस कसा जाणार हे बूट ठरवतात. स्कीच्या बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो. छोटीला 19 बसला. दुकानदाराने आधी 21 दिला होता, “आत दोन मोजे घाला, फिट होईल” म्हणत. तसे करू नये. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंत. दोन मोजे घातले की पाय दाबला जातो, रक्त कमी पोचते आणि पाऊल जास्तच गारठते. शिवाय सैल बुटात पाय हलतो आणि स्की ऐकत नाही. स्कीची लांबी मुलाच्या छाती-हनुवटीपर्यंत पुरे. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून एक खटका असतो, तो मुलाच्या वजनाप्रमाणे हलका करून घ्यावा लागतो. हाड वाचवणारी वस्तू तीच. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पोतडीसारखे हातमोजे गरम. बर्फावरचे ऊन परावर्तित होऊन डोळ्यांत जाते, म्हणून गॉगल हवाच. हेल्मेटखाली पिना लावलेला स्कार्फ नको, पडल्यावर त्या टोचतात. बहिणींनी अंगाबरोबर बसणारी पातळ टोपीची ओढणी घ्यावी आणि तिची टोके जॅकेटात खोचावीत, नाहीतर ओढत वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकण्याचा धोका असतो. भाडे आणि शिकवणीचे पैसे आधी ठरवून घ्यावेत, म्हणजे नंतर कुरबुर होत नाही.

आमचे उस्ताद तंगमर्गकडचे, पन्नाशीचे. पहिली सूचना त्यांनी आम्हालाच केली. “आप दोनों उधर, चाय की दुकान पर. बच्चा माँ-बाप को देखता है तो पैर को नहीं सुनता.” आम्ही खिशातला पंप दाखवला आणि दम्याचे सांगितले. त्यांनी पंप कसा द्यायचा ते दोनदा विचारून घेतले, तिचा श्वास कसा वाजतो तेही विचारले, आणि म्हणाले की पंपवाला माणूस हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहील. त्यांचे हे विचारणे पाहून आमची अर्धी भीती गेली.

पहिला तास स्की नव्हतीच. नुसत्या बुटांवर चालायचे, मग एका पायात स्की, मग दुसऱ्या. नंतर पडायचे आणि उठायचे, मुद्दाम, दहा-दहा वेळा. काठ्या लहान मुलांना देत नाहीत. हात रिकामे असले की तोल पायांवर येतो. मग थांबण्याची कला. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणायची, मागची लांब न्यायची, की वेग मोडतो. उस्ताद याला ‘पिझ्झा’ म्हणत होते. थोरल्याने त्याचा ‘समोसा’ केला आणि दुपारपर्यंत त्या उतारावरची दिल्लीची पोरेसुद्धा ‘समोसा, समोसा’ ओरडू लागली.

शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराला छोटी खोकली. एकदा, मग तीनदा, मग थांबेना. पट्टा नाकाखाली सरकला होता आणि ती तोंड उघडे टाकून हसत उतरत होती. उस्तादांनी तिला जागेवर बसवले, स्की सोडवली, आमच्याकडे हात केला. स्पेसर लावून पंप दिला, कोमट पाणी दिले, शेगडीजवळ बसवले. वीस मिनिटांत श्वास मोकळा झाला, अल्हम्दुलिल्लाह. त्या वीस मिनिटांत आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो. तिला रडू आले ते श्वासाने नव्हे, थांबवल्याने. “आता मला कायमचं बंद करणार ना?” असे तिने विचारले.

आम्ही उत्तर दिले नाही. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, रात्र कशी जाते ते पाहिले. ती शांत झोपली. सकाळी उस्तादांशी बोलून ठरवले, रोज दोनच खेपा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, उन्हाच्या वेळी, आणि मधे विश्रांती. पट्टा टोपीला शिवून टाकला. दुपारची खेप गुलमर्गच्या मशिदीत जोहर उरकून.

चौथ्या दिवशी ती तीसेक पावलांचा उतार कुणाचा हात न धरता आली आणि समोसा करून थांबली. आमच्याकडे पाहिलेही नाही, उस्तादांना म्हणाली, “फिर से.”

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. बर्फावर स्लेज ओढणारी माणसे आजूबाजूच्या गावांतली असतात. जाडजूड पर्यटकाला बसवून चढावर ओढणे हा त्यांचा हिवाळ्याचा रोजगार. “हे काका का ओढतात?” असे छोटीने विचारले तेव्हा आम्ही तिला उतरवून त्यांच्याबरोबर चालायला लावले, आणि ठरलेले पैसे पूर्ण दिले. घासाघीस करू नये असे आमचे मत आहे.

दुसरी, आम्ही परतल्यावर, 22 फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या डोंगरात हिमकडा कोसळून एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. ते लोक आखलेल्या मार्गाबाहेर गेले होते. खालच्या शिकाऊ उतारांची गोष्ट वेगळी, पण मोठी मुले बरोबर असतील तर आखलेली रेघ ओलांडायची नाही हे त्यांना घरूनच बजावून न्यावे. आमच्या थोरल्याला ती बातमी आम्ही वाचून दाखवली.

दादींना छोटीने स्वयंपाकघरातच समोसा करून दाखवला. “पाय फाकवून उभी राहते, त्यात काय?” असे त्या म्हणाल्या. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या तो करून दाखवायला लावतात.

पुन्हा जायचे झाले तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच, इन्शाअल्लाह, बर्फ पडला तर. बुटाचा नंबर आत्ता लिहून ठेवण्यात अर्थ नाही, तोवर पाऊल वाढलेले असेल.