पांढऱ्या फुलांची ओळख

नागपंचमी झाली, गौरी-गणपती उठले, की आमच्या शिराळ्याच्या आसपासचे बांध आणि माळ पांढरे दिसू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका बांधावरून मी बारीक पांढऱ्या फुलांचा झुपकाच तोडून आणला. मनात कविताही जुळत होती. वाटेत भांगलणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "आवो भाई, हे काँग्रेस हाय की! टाका ते आधी." तोवर मनगटाला खाज सुटली होती. कविता राहिली ती राहिलीच.

काँग्रेस म्हणजे गाजरगवत. पान गाजरासारखं चिरलेलं. फूल नीट पाहिलं तर बारीक बोंडाला पाच पांढरे कोपरे फुटल्यासारखे दिसतात. हे परदेशी तण १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढं देशभर पसरलं. ते खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये सोडले, तरी ते हटलेलं नाही. उपटायचंच तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून.

त्याच बांधावर तुंबा असतो. कुणी कुंभा म्हणतात. रंग तोच, पण खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. फुलाच्या दोन ओठांपैकी वरचा लहान आणि लवदार, खालचा पसरलेला. फूल उपसून बुडाचा मध आम्ही लहानपणी चोखायचो. महादेवाला हे फूल वाहतात.

पश्चिमेला चांदोलीच्या अंगाला गेलं, की कातळावर जिथं पाणी झिरपतं तिथं गेंद भेटतो. सरळ काडीवर पांढरा मणी. तो मणी म्हणजे एक फूल नव्हे, अनेक इवल्या फुलांची गर्दी. पानं सगळी खाली, जमिनीलगत.

माझी आवडती मात्र तुतारी. लांब बारीक नळी, टोकाला पाच पाकळ्या. ओल्या गवतात राहते आणि शेजारच्या गवताच्या मुळांतून थोडं अन्न चोरते. फुलते ती संध्याकाळी. अंधारात पांढरा रंग लांबून दिसतो, त्यावर पतंग येतात. सकाळी ऊन चढलं की ती मलूल होते, म्हणून दुपारी फिरायला जाणाऱ्याला ती भेटतच नाही.

त्या मावशींनी मला त्या दिवशी पाण्यानं हात धुवायला लावलं. मग बांधावरचा तुंबा तोडून हातात दिला. "हे घ्या, वास बघा," म्हणाल्या.