हातातला फोन, टेबलावरचा संगणक



छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून आपणांस ठाऊक असेल. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मरोदा हा याच शहराचा एक भाग. दल्ली राजहराच्या लोहखाणींकडून येणारा रेल्वेमार्ग मरोदा स्थानकावरून दुर्गकडे जातो. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यामुळे विदर्भाशी या भागाचे नाते जुने आहे आणि भिलाईत आजही अनेक मराठी कुटुंबे राहतात.

मरोद्यासारख्या कामगार वस्तीत आज दोन प्रश्न विचारून पाहा. घरी स्मार्टफोन आहे का, या प्रश्नाला बहुतेक घरांतून होकार येईल. घरी संगणक आहे का, या प्रश्नाला मात्र थोड्याच घरांतून. मग सामान्य माणसाच्या जीवनात फोन संगणकाची जागा कायमची घेणार काय? वरवर पाहता हा यंत्रांविषयीचा प्रश्न वाटतो. पण शिक्षण अर्धवट सुटलेल्या आणि ते पुन्हा हाती घेतलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी तो उपजीविकेचाही प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

रिकाम्या जागेवर आलेला फोन

आज सर्वत्र दिसणाऱ्या वैयक्तिक संगणकाच्या घडणीचा पाया १९८१ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या संगणकाने घातला. भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. बोटाच्या स्पर्शाने चालणारा आयफोन २००७ साली आला आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली. म्हणजे स्मार्टफोनच्या आधी संगणकाला सुमारे पाव शतक मिळाले होते. एवढ्या अवधीत तो आपल्या घराघरांत पोहोचला का?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीनुसार देशातील १०० कुटुंबांपैकी सुमारे ११ कुटुंबांकडेच संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के होते. याउलट केंद्र सरकारच्या २०२५ मधील पाहणीत ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन असल्याचे आढळले. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपल्या देशातील बहुसंख्य घरांत फोनने संगणकाला हुसकावून लावलेले नाही. तेथे संगणक कधी आलाच नव्हता. फोन आला तो रिकाम्या जागेवर.

यामागची कारणे व्यावहारिक आहेत. संगणकाच्या किमतीत घरातील दोन-तीन माणसांसाठी साधे फोन घेता येतात. संगणकाला टेबल, खुर्ची आणि अखंड वीज लागते, तर एकदा चार्ज केलेला फोन वीज गेली तरी दिवसभर चालतो. २०१६ साली इंटरनेटचे दर एकाएकी खाली आले. त्याच वर्षी यूपीआयची सोय सुरू झाली आणि पैशांची देवघेव फोनवरून होऊ लागली.

भाषेचे कारणही महत्त्वाचे आहे. एकेकाळी संगणकावर मराठी लिहिणे हे सर्वसामान्यांचे काम नव्हते. त्यासाठी निराळा फाँट बसवावा लागे, निराळी कळरचना शिकावी लागे आणि एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत. युनिकोड या जागतिक अक्षर-संकेत पद्धतीचा वापर वाढल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. पुढे फोनवर देवनागरी कळफलक सहज मिळू लागला आणि २०१७ साली गूगलने बोललेले मराठी शब्द लिहून देण्याची सोय आणली. शाळा सुटून वीस वर्षे झालेली व्यक्ती फोनवर मराठीत निरोप पाठवू लागली, हे लहान परिवर्तन नव्हे.

शासनाची धोरणेही याच दिशेने वळलेली दिसतात. छत्तीसगड शासनाने २०१३ मध्ये युवा सूचना क्रांती योजनेतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅबलेट दिले. २०१८ मध्ये त्याच राज्यात संचार क्रांती योजना आली. या वेळी स्त्रियांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्मार्टफोन देण्याचे ठरले आणि त्यांचे वाटपही सुरू झाले. त्या वर्षअखेर सत्तांतर झाले आणि ती योजना पुढे थांबली. तरी लोकांपर्यंत पोहोचायचे ते फोनमधूनच, हा विचार रुजला होता.

एक साधन दुसऱ्याची जागा केव्हा घेते?

नवे साधन आले की जुने नाहीसे होतेच, असा आपला समज असतो. तो तपासण्यासाठी दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण टंकयंत्राचे, म्हणजे टाइपरायटरचे. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. पुढे अनेक दशके कचेऱ्यांत त्याचा खडखडाट ऐकू येई. २००९ साली या कंपनीने टंकयंत्रांचे उत्पादन थांबवले. याचे कारण असे, की टंकयंत्राचे प्रत्येक काम संगणक करू शकत होता; शिवाय चूक खोडणे, मजकूर साठवणे, हव्या तितक्या प्रती काढणे ही कामेही करत होता. जुने यंत्र गेले, पण त्याचा कळफलक आणि त्यावर दहा बोटे चालवण्याचे कौशल्य संगणकाकडे आले.

दुसरे उदाहरण शिवणयंत्राचे. पूर्वी अनेक घरांत शिवणयंत्र असे. तयार कपडे स्वस्तात मिळू लागले तसे ते पुष्कळ घरांतून गेले. पण जगातून शिवणयंत्र गेले का? आपल्या अंगावरील प्रत्येक तयार कपडा कोठेतरी, कोणीतरी, शिवणयंत्रावरच शिवलेला असतो. यंत्र घरातून निघाले आणि शिंप्याच्या दुकानात व कारखान्यात एकवटले. ज्याला ते चालवता येते त्याला त्यावर रोजगार मिळतो. ज्याला येत नाही तो तयार कपडा विकत घेतो.

नवे साधन जुन्याची सर्व कामे करू लागले, तर जुने नाहीसे होते. त्यातली काहीच कामे ते करू लागले, तर जुने साधन ठिकाण बदलून टिकून राहते. आता फोन आणि संगणक यांना ही कसोटी लावून पाहू.

फोनची ताकद आणि मर्यादा

फोनला दुबळे यंत्र समजणे बरोबर होणार नाही. आजच्या साध्या फोनची गणनशक्ती पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकापेक्षा कितीतरी अधिक आहे. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल, बातम्या, व्याख्याने ही सारी कामे त्यावर होतात. फोनवर चित्रफिती तयार करून उत्पन्न मिळवणारे तरुण आहेत, तसेच घरगुती पापड-लोणच्यांच्या मागण्या फोनवर घेणारे बचत गटही आहेत. फोन केवळ पाहण्याचे साधन आहे, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. छायाचित्र काढणे, पत्ता शोधणे, रस्त्यात उभे राहून पैसे देणे या बाबतींत तर संगणक फोनची बरोबरी करू शकत नाही.

फोनच्या मर्यादा गणनशक्तीत नाहीत, त्या त्याच्या आकारात आहेत. वीतभर पडद्यावर कळफलक उघडला की निम्मा पडदा झाकला जातो. एखाद्या लघुउद्योगाचा वर्षभराचा जमाखर्च तक्त्यात मांडायचा असेल, तर एका वेळी दोन-चार रकानेच दिसतात. एक कागद समोर ठेवून त्यावरून दुसरा लिहिणे, वीस पानांचा अहवाल तयार करणे, त्यातील परिच्छेद मागेपुढे करणे या कामांना मोठा पडदा, कळफलक आणि बसण्याची जागा लागते. निरोप चार ओळींचा असेल तर अंगठा पुरतो. अर्ज, अहवाल आणि हिशोब यांना मात्र दहा बोटे लागतात.

शिवाय फोन घरातल्या घरात वाटून घ्यावा लागतो, ही वेगळीच अडचण. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात छत्तीसगडच्या शिक्षण विभागाने ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. परंतु ज्यांच्याकडे फोन वा इंटरनेट नव्हते, त्या मुलांसाठी त्याच वर्षी ‘पढई तुंहर पारा’ या नावाने वस्ती-वस्तीत प्रत्यक्ष वर्ग भरवावे लागले. घरात फोन एकच असेल आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असेल, तर मागे राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

चॉईस सेंटरमधला संगणक

मग शिवणयंत्राप्रमाणे संगणकही घराबाहेर कोठे एकवटला आहे काय? छत्तीसगडमध्ये याचे उत्तर ‘चॉईस सेंटर’ या शब्दांत मिळते. महाराष्ट्रात जे काम महा ई-सेवा केंद्रात होते, ते येथे चॉईस सेंटरमध्ये होते. जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढायचा असो, नोकरीचा अर्ज भरायचा असो, पाट्यांनी भरलेल्या त्या लहानशा दुकानात संगणकासमोर बसलेली व्यक्ती आपले काम करून देते. आपण खुर्चीच्या मागे उभे राहतो, कागद पुढे करतो आणि फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवतो.

ही सेवा उपयुक्त आहे यात शंका नाही. पण यातील परावलंबन आपण ओळखले पाहिजे. नावातील एक अक्षर चुकले तरी ते आपल्या लक्षात येईलच असे नाही. आपला पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक होतो. आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या यंत्रात राहतात. पूर्वी ज्यांना लिहिता येत नसे, ते पोस्टाबाहेर बसलेल्या लेखनिकाकडून पत्र लिहून घेत. फोन हाती असूनही अर्जासाठी दुसऱ्याच्या बोटांवर विसंबणे ही त्याच परिस्थितीची नवी आवृत्ती नाही काय?

रोजगाराचा विचार केला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. महाराष्ट्र शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्द टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते आणि टंकलेखनाची शासकीय परीक्षा आता संगणकावरच होते. आधुनिक पोलाद कारखान्यातील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांचे नियंत्रणही संगणकाच्या पडद्यांसमोर बसून केले जाते. दुकानाचे देयक, रुग्णालयाची नोंद, गोदामाचा हिशोब या सर्व ठिकाणी कामगाराच्या पुढ्यात कळफलक असतो. फोनवरील सफाई तेथे उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही.

‘असर’ या अहवालासाठी २०२३ मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी झाली. सुमारे ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता, पण संगणक किंवा लॅपटॉप ९ टक्के जणांच्याच घरी. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांच्यापैकी ८५ टक्के जणांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यातील सुमारे ३४ टक्के जणांनाच तो येत होता. फोन वापरणाऱ्यांतही स्वतःच्या मालकीचा फोन सुमारे ४४ टक्के मुलांकडे, तर सुमारे २० टक्के मुलींकडेच होता. जे साधन आपल्या हाताशी नाही, त्याचे कौशल्यही सहसा आपल्याला येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत हे अंतर दुहेरी होते.

उद्याचे चित्र

ही दोन यंत्रे एकमेकांच्या जवळ येत आहेत, हेही ध्यानात घ्यावे. २०१७ साली सॅमसंग कंपनीने आपला फोन मोठ्या पडद्याला व कळफलकाला जोडून संगणकाप्रमाणे वापरण्याची सोय दिली. २०२० साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकांत फोनच्या धर्तीवरील प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, बसवण्यास आरंभ केला. उद्या कदाचित खिशातील फोनच टेबलावरील पडद्याला जोडून आपण काम करू. तरीही मोठा पडदा, कळफलक आणि त्यापुढे एकाग्रपणे बसणारा माणूस या तीन गोष्टी लागतीलच. त्या संचाला संगणक म्हणावे की फोन, हा केवळ नावाचा प्रश्न राहील.

तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. दैनंदिन देवघेव, संवाद, मनोरंजन आणि माहिती यांसाठी सामान्य माणसाला फोन पुरेसा आहे आणि पुढेही राहील. पुष्कळ घरांत संगणक कदाचित कधीच येणार नाही. परंतु लेखन, हिशोब आणि निर्मिती यांच्या ठिकाणी संगणक टिकून राहील. एका बाजूला खुर्चीवर बसून काम करून देणारे आणि दुसऱ्या बाजूला मागे उभे राहून ते करून घेणारे, अशी समाजाची विभागणी होण्याचा धोका मात्र खरा आहे.

ती टाळण्यासाठी संगणक विकत घेतलाच पाहिजे असे नाही. कळफलकाचे कौशल्य शिकता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेने माध्यमिक आणि उच्च माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर ‘डेटा एंट्री ऑपरेशन्स’ हा विषय ठेवला आहे. अभ्यासकेंद्र, ग्रंथालय किंवा एखाद्या परिचिताचे दुकान, जेथे संगणक उपलब्ध असेल तेथे आठवड्यातून दोन-तीन तास सराव केला, तरी काही महिन्यांत बोटे वळू लागतात. ज्यांच्याजवळ आज केवळ फोन आहे त्यांनी त्यावरच आरंभ करावा. निरोपाऐवजी एक पूर्ण अर्ज मराठीत लिहून पाहावा, घरखर्चाचा तक्ता मांडावा. फोनला जोडता येणारा साधा कळफलकही फार महाग नसतो.

पुढच्या वेळी दाखल्यासाठी केंद्रात जाल, तेव्हा आपला अर्ज पडद्यावर स्वतः वाचा, चूक दिसली तर दाखवा आणि शक्य असेल तर खुर्चीवर बसून आपले नाव स्वतःच टंकलिखित करा. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे यापेक्षा ते कोणाला चालवता येते, यावरच आपले स्वावलंबन अधिक अवलंबून असते.